तीन कोटेशनांचा चष्मा

डोळ्यांचा नंबर एकदा काढला की तो आधार कार्डाच्या नंबरासारखा जन्मभर तोच राहतो, असं मानणाऱ्या माणसांनी मला आयुष्यभर पोसलं आणि आयुष्यभर छळलंही. माणूस दोन ठिकाणी डोळे तपासतो, दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या मिळतात, आणि मग त्या माझ्या काउंटरवर आपटून तो विचारतो, "यातला खोटारडा कोण?" मी म्हणायचे, "बहुतेक वेळा कुणीच नाही." हे उत्तर गिऱ्हाइकाला अजिबात आवडत नाही. त्याला गुन्हेगार हवा असतो, आणि शक्यतो तो समोरच उभा असलेला हवा असतो.

मी डॉक्टर नव्हे. मी चष्म्याचा नंबर काढणारी. आधी उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या दुकानात, नंतर बदलापूर पश्चिमेला स्वतःच्या. आता दुकान भाचा सांभाळतो आणि मी घरी पेपर हात लांब करून वाचते, कारण स्वतःचा चष्मा बदलायला मला काही केल्या वेळ होत नाही. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून मागे लागलेल्या बाईंनीही मला असंच हात लांब केलेलं पकडलं. त्यांना वाटलं, मी व्यायाम करतेय.

नंबर काढणं म्हणजे काय, ते आधी सांगते. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, नाकावर जड गोल फ्रेम चढवली जाते, मी त्यात काचा बदलत जाते आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते: "हे बरं की हे बरं?" बस्स. आता यंत्रं आली आहेत, ती अंदाज देतात. पण शेवटचा आकडा माणसाच्या तोंडूनच यावा लागतो, आणि तोंड म्हटलं की भानगडी आल्याच. कुणी दमून आलेला असतो, कुणी रात्रपाळी करून. कुणाच्या डोळ्यांत खाज असते. काही माणसं इतकी भिडस्त असतात की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात, "दोन्ही छान आहेत मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता!" त्यामुळे दोन तपासण्यांत पाव नंबराचा फरक पडला तर त्याला फरक म्हणत नाहीत, त्याला माणूस म्हणतात, असं आमचे शेठ सांगायचे.

अंबरनाथच्या बुवापाड्यातून एक जोडपं यायचं. तपासणी नवऱ्याची, उत्तरं बायकोची. मी काच बदलली की मागच्या स्टुलावरून आवाज यायचा, "पहिलं बरं होतं त्यांना." नवरा म्हणायचा, "हां, पहिलंच." एकदा मी बाईंना विचारलं, "तुम्हाला कसं कळतं हो?" त्या म्हणाल्या, "मॅडम, लग्नाला किती वर्षं झाली! त्यांना नवीन काय आवडतच नाय." पुढच्या खेपेला बाई भाजी घ्यायला गेल्या आणि नवरा एकटाच खुर्चीत बसला. त्या दिवशी नंबर पाऊण नंबरानं वेगळा निघाला. दोन्ही चिठ्ठ्या घेऊन ते परत आले तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं की हा जो पाऊण नंबर जास्तीचा आहे, तो वहिनींचा आहे. वहिनी रागावल्या नाहीत. "बघा, मी नसले की यांचं असं होतं," एवढंच म्हणाल्या.

उल्हासनगरचे एक मिठाईवाले तर माझ्या शेठना घाम फोडायचे. सकाळी नंबर काढला की एक, चार दिवसांनी संध्याकाळी काढला की दुसराच. "मॅडम, ये आँख है या शेअर बाजार? सुबह ऊपर, शाम को नीचे! साईं, तुम्हारा मशीन पागल है." मशीन शहाणं होतं. रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्याच्या आतल्या भिंगात पाणी कमीजास्त होतं आणि नंबर हलतो. मी त्यांना विचारलं, शुगर तपासली आहे का? ते म्हणाले, "शुगर? मैं तो फीका खाता हूँ. सिर्फ चखता हूँ." दिवसभर दुकानातली प्रत्येक परात चाखणारा माणूस फिकं खातो, म्हणजे काय ते समजा. त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवलं, साखर ताळ्यावर आली, मग नंबरही गपगुमान एका जागी बसला. तोवर त्यांनी आमच्याकडून दोन चष्मे करून घेतले होते आणि एक गल्ल्यावर ठेवून दुसरा घरी घालायचा असा तोडगाही काढला होता.

आता ज्या प्रकरणासाठी मी लिहायला बसले, त्याकडे येते.

बदलापुरातच, हेंद्रेपाड्यात, सदानंद भोईर म्हणून एक गृहस्थ राहतात. उभी हयात त्यांनी बांधकामावर सुपरवायझर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि सोसायटीचा नियम त्यांनी घरात आणला: तीन कोटेशनं घेतल्याशिवाय काहीही मंजूर करायचं नाही. टाकी साफ करायची, तीन कोटेशनं. रंग काढायचा, तीन कोटेशनं. बायकोला मिक्सर हवा होता तर त्या माउलीला तीन दुकानांतून भाव लिहून आणायला लावले. हा माणूस डोळे तपासायला माझ्याकडे आला, मी छान वेळ देऊन नंबर काढला, आणि चिठ्ठी खिशात घालून म्हणाला, "घरी इचारून सांगतो." असं म्हणणारा माणूस परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. हा घरी विचारणाऱ्यांतला नव्हता, हेही ठाऊक होतं.

पुढं काही आठवड्यांनी त्यांची मुलगी प्रज्ञा दुकानात आली. अंबरनाथला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते, चुणचुणीत पोरगी, डोळे एकदम ठणठणीत, त्यामुळे माझ्या काही उपयोगाची नाही. ती स्टुलावर बसली आणि एकदम रडायलाच लागली.

"मॅडम, बाबांनी चांगलं स्थळ मोडलं."

मी म्हटलं, अगं पण माझ्याकडे का आलीस? मी चष्मे विकते.

"म्हणूनच आले. त्यांची बिल्डिंग वाकडी आहे म्हणतात."

हळूहळू उलगडा झाला. तिच्या मावशीनं अंबरनाथ पश्चिमेचं स्थळ आणलं होतं. मुलगा निखिल, लिफ्ट दुरुस्तीच्या कामात, घरची माणसं साधी. मुलगी बघायचा कार्यक्रम झाला, पसंती आली, मग भोईर मंडळी निखिलचं घर बघायला गेली. भोईर दारातच थबकले. चौकटीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, खिडकीतून समोरचा जिना बघितला. चहा घेतला नाही. पोहे घेतले नाहीत. घरी येऊन जाहीर केलं की ती अख्खी इमारत कललेली आहे, आज ना उद्या खाली येणार, आणि मी माझी मुलगी ढिगाऱ्यात देणार नाही. आमच्या भागात इमारत कलली म्हटल्यावर कुणी हसत नाही. स्लॅब पडल्याच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्यामुळे आईचा धीर सुटला, मावशी गप्प झाली, आणि तिकडे निखिलच्या वडिलांना कुणीतरी हे कळवलं. ते भडकले. त्यांनी निरोप धाडला की यायचं तर रविवारपर्यंत येऊन काय ते तोंडावर बोला, नाहीतर आम्ही दुसरीकडे होकार देतो.

"आणि मॅडम," प्रज्ञा नाक पुसत म्हणाली, "घरीपण बाबा सगळे फोटो सारखे सरळ करत असतात. म्हणजे ते सरळ करतात आणि फोटो वाकडे होतात. आई मागून परत नीट करते. कपाटाच्या एका पायाखाली पुठ्ठा घातलाय. हे सगळं नवीन चष्मा आल्यापासून."

"कुठला नवीन चष्मा?"

"फोनवरून मागवला ना त्यांनी. तुमच्या नंबरवरूनच केला असेल."

माझ्या नंबरावरून केलेला चष्मा घालून माणूस भिंती मोडीत काढतोय, हे ऐकून माझं रक्तच तापलं. मी तिला सांगितलं, उद्या बाबांना पाठव, म्हणावं फ्रेम फुकटात घट्ट करून मिळेल. फुकट या शब्दाला कोटेशन लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत भोईर शटरपाशी उभे होते.

त्यांचा चष्मा मी यंत्रात घातला आणि दोनदा बघितला. दोन्ही काचांमध्ये नंबर भलताच, आणि दिशा तर अशी की ती मी उभ्या जन्मात त्यांच्या चिठ्ठीवर लिहिली नसती.

"भोईरभाऊ, हा नंबर कुणी दिला?"

"कुणी येकानं नाय." त्यांनी छाती जरा पुढं काढली. "तीन ठिकानी तपासला. तुमच्याकडं, उल्हासनगरला येका जुन्या डाक्टरकडं, न अंबरनाथला फुकटचा कॅम्प व्हता तिथं. तिघांचं तीन. मंग मी बसून हिशोब केला."

"कसला हिशोब?"

"सरासरी काडली."

मला खुर्ची शोधावी लागली.

इथं वाचकांना थोडं शिकवते, त्याशिवाय पुढची मजा कळणार नाही. चिठ्ठीत प्रत्येक डोळ्याचे तीन आकडे असतात. पहिला साधा: नजर किती कमी आहे, त्याचा. दुसऱ्याला सिलिंडर म्हणतात. डोळ्याचा पुढचा भाग सगळीकडून सारखा गोल नसेल, चिकूसारखा एका अंगानं जरा दबलेला असेल, तर ते सावरायला तो लागतो. तिसरा आकडा सांगतो की सिलिंडरची काच कोणत्या दिशेनं बसवायची: आडवी, उभी की तिरकी. आता खोच अशी, की तोच सिलिंडर दोन रीतींनी लिहिता येतो, मायनसमध्ये किंवा प्लसमध्ये. मी मायनसवाली. ते उल्हासनगरचे जुने डॉक्टर प्लसवाले. एका रीतीतून दुसऱ्या रीतीत लिहिताना पहिला आकडा बदलतो आणि दिशा उभ्याची आडवी होते. नवख्या माणसाला वाटतं या दोन वेगळ्या माणसांच्या चिठ्ठ्या आहेत. काच मात्र तीच होते, तंतोतंत तीच. माझी आणि त्या डॉक्टरांची चिठ्ठी मुळात एकच होती. कॅम्पातली पाव नंबरानं इकडेतिकडे, म्हणजे तीही बरोबरच. तीन कोटेशनं, तिन्हीचा भाव एक. भोईरांनी त्यांची सरासरी काढून चौथाच आणला होता.

"आणि प्लस-मायनसचं काय केलंत?" मी विचारलं.

"दोघांनी मायनस लिवलेलं, येकानं प्लस. बहुमतानं मायनस पास केला."

"आणि दिशा?"

"तिची पन सरासरी. कुनावर अन्याव नको."

मी त्यांना समजावलं. म्हटलं, तुमच्या घरी स्टेशनकडून येणाऱ्याला तुम्ही सांगता डावीकडे वळा, बाजाराकडून येणाऱ्याला सांगता उजवीकडे वळा. घर एकच ना? आता कुणी डाव्या-उजव्याची सरासरी काढून सरळ चालत राहिला तर?

"त सरल नदीत जाईल," भोईर म्हणाले.

"तुम्ही गेलात."

पटेल तर ते भोईर कसले! त्यांचं म्हणणं, नंबराचं तुम्हाला कळतं, भिंतीचं मला कळतं. "मॅडम, नुसत्या नजरंनं सांगतो भिंत किती सूत भायेर हाय ते. खोटं वाटत आसंल त ऐका, तुमच्या दुकानाचा दरवाजा पन कललाय. आल्या आल्या बगितला. बोललो नाय, बाईमानसाला कशाला घाबरवा." आणि त्यांनी पिशवीतून गवंड्यांचा, दोरीला टांगून भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा काढला. पितळी, जुना, टोकाला घासून गुळगुळीत झालेला. निवृत्त होऊनही हा माणूस पिशवीत ओळंबा घेऊन फिरतो, याचं मला त्या क्षणी फार कौतुक वाटलं. दुसरे लोक या वयात खोकल्याच्या गोळ्या ठेवतात.

भोईर स्टुलावर चढले, चौकटीच्या वरच्या खिळ्याला दोरी अडकवली, खाली उतरले, ओळंबा स्थिर होईपर्यंत बोटानं धरला आणि चार पावलं मागं सरून विजयी मुद्रेनं बघितलं.

ती मुद्रा हळूहळू मावळली.

त्यांनी मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला. पुढं जाऊन दोरी हलवली, थांबवली, पुन्हा मागं आले. दरवाजा कललेला होता, ते त्यांना दिसतच होतं. पण दोरीही कललेली होती. दरवाज्याबरोबर, अगदी तेवढीच.

"मॅडम," ते एकदम बारीक आवाजात म्हणाले, "ओलंबा कललाय."

काही वेळा गप्प बसणं हाही धंद्याचाच भाग असतो आणि तो मला फार कमी जमलाय.

"ओलंबा कलत नाय," ते स्वतःशीच म्हणाले. "भित कलंल, खांब कलंल, ठेकेदार त आदीपासूनच कललेला आसतो. ओलंबा कसा कलंल?" मग त्यांनी चष्मा काढला. बघितलं. घातला. बघितलं. पुन्हा काढला. रस्त्यावरून जाणारी दोन माणसंही थांबून दोरीकडे बघायला लागली, कारण दुकानाच्या दारात दोरी लटकावून म्हातारा चष्म्याची उघडझाप करतोय म्हटल्यावर कोण थांबणार नाही?

मी मघापासून तयार ठेवलेल्या खऱ्या नंबराच्या काचा तपासणीच्या फ्रेममध्ये घातल्या आणि ती त्यांच्या नाकावर चढवली. दोरी सरळ झाली. दरवाजा सरळ झाला. भोईर मात्र मटकन स्टुलावर बसले.

"मी त्या मानसांचा च्या पन नाय घेतला," ते म्हणाले. "पोरगी चार रातींपासून जेवली नाय धड. मी तिला सांगतो, बाय, तुज्या जिवासाठी करतोय." त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या जड फ्रेममुळे त्यांना ते पुसताही येईनात. मी फ्रेम काढली. मला त्यांचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. मुलगी ढिगाऱ्याखाली जाऊ नये म्हणून जो माणूस पोहे नाकारतो, त्याच्यावर किती वेळ रागावणार?

रविवार जवळ होता. मी भाच्याला कामाला लावून दोन दिवसांत काचा बसवून घेतल्या. भोईर न्यायला आले तेव्हा म्हणाले, तुम्हीपन चला. मी म्हटलं, लग्नाच्या बोलणीत चष्मेवालीचं काय काम? "मी येकटा गेलो त ते म्हनतील दोन दिसांत बिल्डिंग सरल कशी झाली. तुमी सांगा, नंबराचं वांदं व्हतं म्हनून." तेव्हा रविवारी सकाळी दोन रिक्षांतून आमची वरात अंबरनाथ पश्चिमेला निघाली: भोईर, भोईरवहिनी, मावशी, प्रज्ञा आणि मी. मुलीनं यायचं नसतं, असं मावशी सारखी म्हणत होती. प्रज्ञा ऐकत नव्हती.

निखिलच्या वडिलांनी दार उघडलं, पण ते दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. भोईरांनी पिशवीतून ओळंबा काढला, चौकटीला लावला, मागं सरले आणि बघितलं. दोघे बाप त्या दोरीच्या दोन बाजूंना उभे. जिन्यात शेजारची माणसं गोळा झाली.

"येक सूत पन नाय," भोईर मोठ्यानं म्हणाले, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. "चोख काम हाय. वाकडा मी व्हतो."

मग मी माझं भाषण केलं, प्लस, मायनस, सरासरी. कुणाला कळलं नाही. पण सरासरी ऐकल्यावर निखिलची आई तोंडाला पदर लावून आत गेली, आणि तिच्या खांद्यांवरून कळलं की ती हसतेय. वडील बाजूला झाले. आम्ही आत बसलो. पोहे आले आणि भोईरांनी दोन बशा खाल्ल्या, एक आजची आणि एक मागची.

तेवढ्यात निखिल आला. रविवारीही कुणाची तरी लिफ्ट अडकली होती, तिथून सुटून सरळ आलेला. हत्यारांची जाडजूड बॅग दारात उतरवून तो सगळ्यांना नमस्कार करत उभा राहिला. भोईरांनी चष्मा नाकावर नीट बसवला. अजून लटकत असलेल्या ओळंब्याकडे बघितलं. मग निखिलकडे. परत ओळंब्याकडे.

ते प्रज्ञाकडे झुकले आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, "बाय, मागच्या टायमाला या घरात ह्योच येक सरल दिसला व्हता. आता घर सरल हाय, न ह्यो कललाय बग."

"बॅगेमुळे हो बाबा," प्रज्ञा म्हणाली. तिनं आवाज हळू वगैरे केला नाही. "रोज डाव्या खांद्यावर असते ना. म्हणून तर मी नेहमी त्याच्या उजव्या बाजूनं चालते."

दोन्ही घरांच्या हिशोबानं या दोघांनी एकमेकांना एकदाच, पोह्यांच्या बशीवरून, पाहिलं होतं. मावशीनं, स्थळ आणणाऱ्या मावशीनं, एकाएकी पंख्याकडे बघायला सुरुवात केली. निखिलचे कान लाल झाले होते आणि तो डावा खांदा वर उचलून सरळ उभं राहायचा जिवाच्या आकांतानं प्रयत्न करत होता. मला हसू आवरेना.

भोईर उठले. त्यांनी दोरी सोडवली, ओळंब्याभोवती निगुतीनं गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मग निखिलजवळ जाऊन त्यांनी त्याच्या त्या वर धरलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हलकेच खाली दाबून होता तसा केला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. आणि त्याच्या वडिलांकडे वळून विचारलं, "मंग हॉल कुठं बगायचा, बदलापूरला का अंबरनाथला?"